जुना स्पूल टेपरेकॉर्डर : दोष यंत्रात की फितीत?

न्यू जर्सीत मामांचा जर्मन बनावटीचा स्पूल टेपरेकॉर्डर प्रथम सुरू केला, तेव्हा आजीच्या ओव्या ऐकू आल्या खऱ्या. पण आवाज आजीचा नव्हता. एखादी शाळकरी मुलगी घाईघाईने ओव्या म्हणत असावी, असे वाटत होते. फीत 1968 सालची, दुसरी प्रत कोठेही नाही. यंत्र बिघडले, असे घरातील सर्वांनी गृहीत धरले. वस्तुतः यंत्र ठीक होते; भिंतीतल्या विजेशी त्याचा मेळ बसत नव्हता.

भारत, ब्रिटन, युरोप आणि दुबई-मस्कत येथे वीजप्रवाह सेकंदाला 50 आवर्तनांचा असतो. अमेरिकेत आणि सौदी अरेबियात तो 60 आवर्तनांचा. घरगुती स्पूल यंत्रांतील मोटर बहुधा या आवर्तनांच्याच तालावर फिरते. आपण आणलेला ट्रान्सफॉर्मर 120 व्होल्टचे 220 करतो, आवर्तनांना मात्र हात लावत नाही. त्यामुळे फीत 20 टक्के वेगाने धावते आणि स्वर तीन अर्धस्वरांहून थोडा अधिक चढतो. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी तीनच्याही किंचित वर ऐकू येते. काही यंत्रांत दोन्ही प्रकारच्या विजेसाठी बदलता येणारी पुली असते. ती नसल्यास ध्वनी संगणकावर घ्यावा आणि वेग पाच-षष्ठांश करावा. रेव्हॉक्स ए-77 सारख्या, इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रण असलेल्या यंत्रांना ही अडचण येत नाही.

आमची खरी चूक निराळीच होती. वर्षानुवर्षे बंद असलेल्या यंत्रावर आम्ही पहिल्याच फटक्यात तीच फीत चढवली. सुदैवाने ती वाचली. आवाजाचा दोष शोधताना गमावली तरी चालेल अशी एखादी फीत आधी लावावी. दोष तिथेही दिसला तर तो यंत्राचा.

मौल्यवान फितीची तपासणी मात्र न वाजवताच सुरू होते. रीळ उजेडासमोर धरावे. कडेने उजेड आरपार दिसला तर फीत ॲसिटेटची, न दिसल्यास बहुधा पॉलिएस्टरची. ॲसिटेटच्या फितीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर तिचा ऱ्हास सुरू झाला आहे आणि प्रत काढण्यास फार वेळ उरलेला नाही. 1970 नंतरच्या, पाठीवर काळा लेप असलेल्या काही फितींचा, उदाहरणार्थ ॲम्पेक्स 456 चा, रोग वेगळा. चुंबकीय कण धरून ठेवणारा थर हवेतील ओलावा शोषून चिकट होतो. फीत हेडवर कर्कश किंचाळते, अडखळते आणि तपकिरी लगदा मागे सोडते. असा आवाज येताच यंत्र थांबवावे, कारण त्या लगद्यातच आपले ध्वनिमुद्रण असते. अशा फिती सुमारे 54 अंश सेल्सियसला कित्येक तास नियंत्रित उष्णता देऊन तात्पुरत्या वाजवण्याजोग्या करतात. हे काम जाणकाराकडेच द्यावे. स्वयंपाकघरातील ओव्हन त्यासाठी नाही. ॲसिटेटला तर ही उष्णता घातकच.

आता यंत्राकडे वळू. सर्वांत जास्त तक्रार असते ती आवाज दबल्याची, जणू कोणी गोधडीआडून बोलत आहे. सेकंदाला 9.5 सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या फितीवर 10,000 हर्ट्झच्या ध्वनीची एक लहर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी जागा व्यापते. हेडवर बसलेला जुन्या फितींचा पातळ थर तेवढे अंतर सहज पाडतो. कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड, फितीच्या वाटेतील खुंट्या आणि कॅपस्टनचा दांडा पुसावा; काडी स्वच्छ निघेपर्यंत थांबू नये. रबरी पिंच रोलरला मात्र अल्कोहोलपेक्षा सौम्य साबणाचे पाणी बरे. अनेक घरगुती यंत्रांत फीत हेडवर दाबून धरणारी फेल्टची छोटी गादी असते. तिचा गोंद वाळून ती गळून पडली की स्वच्छ हेडही मुके वाटते.

एवढे करूनही आवाज दबलेलाच राहिला तर हेडचा कल पाहावा. ज्या यंत्रावर फीत मुद्रित झाली, त्याच्या हेडचा कल आपल्याशी जुळेलच असे नाही. हेडशेजारचा स्क्रू मूळ जागी खूण करून अगदी थोडा फिरवावा आणि कान ‘स’, ‘श’ वर किंवा तबल्याच्या चाटेवर ठेवावा. तानपुऱ्याची जवारी अचानक उलगडते ती जागा बरोबर. मला तरी या कामात उपकरणांपेक्षा कानच अधिक विश्वासू वाटतो.

स्वर लाटेसारखा हेलकावे खात असेल, तर पिंच रोलर कडक होऊन गुळगुळीत झाला आहे किंवा बेल्ट सैलावला आहे. काही यंत्रांतील बेल्ट तर वितळून डांबरासारखा होतो. बोलण्यामागे कोणी उलटे बोलत आहे असे वाटल्यास ते भूत नव्हे. चार पट्ट्यांत मुद्रित केलेली फीत आपण दोन पट्ट्या वाचणाऱ्या हेडवर लावलेली असते. त्यावर दुरुस्ती नाही, यंत्रच बदलावे लागते.

व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही सखल गुणगुण तशीच राहत असेल, तर वीजपुरवठ्यातील जुने कपॅसिटर वाळले असण्याचा संभव अधिक. गुणगुण व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर आधी केबल आणि अर्थिंग तपासावे. बटण फिरवताना होणारी खरखर बहुधा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. वाल्व्ह असलेल्या जुन्या यंत्राचे पोट मात्र स्वतः उघडू नये; प्लग काढल्यानंतरही आत जीवघेणा दाब साठून राहतो.

या फितींना कॅसेटसारखी तोडायची खुंटी नसते. ध्वनिमुद्रणाचे बटण चुकून दाबले तर जुने पुसले गेलेच. म्हणून प्रत काढताना मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवावे, आणि प्रत 24 बिट, 96 किलोहर्ट्झला घ्यावी. एकाच दिशेने मुद्रित फीत वाजवून झाल्यावर उलट गुंडाळू नये, शेवट वर ठेवूनच डब्यात घालावी. तशा स्थितीत शेजारच्या वेढ्यावर उमटणारा पुसट प्रतिध्वनी शब्दाच्या आधी न येता नंतर येतो, आणि कानाला तो फारसा खटकत नाही.