लोह जमिनीत आहे; पिकाला का मिळत नाही?

आपल्या निवासी शाळेतील बहुसंख्य विद्यार्थी शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतून आलेले आहेत. पावसाळ्यात भुईमूग पिवळा पडला की घरी युरिया टाकला जातो, हे त्यांनी पाहिलेले असते. पुष्कळदा तो खर्च व्यर्थ जातो. कारण उणीव नत्राची नसून लोहाची असते.

आपली काळी जमीन बेसाल्ट खडकापासून बनली आहे आणि या खडकात लोह विपुल असते. परंतु मुळांना लोह घेता यावे, यासाठी ते विरघळलेले असावे लागते. हवा खेळत्या जमिनीत ते गंजासारख्या फेरिक रूपात राहते. जमिनीचा सामू एका अंकाने वाढला की मुक्त फेरिक आयनांचे प्रमाण सुमारे हजारपटीने घटते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू बहुधा ८ च्या आसपास वा त्याहून अधिक असतो. पावसाचे पाणी मुरून राहिले की तेथे बायकार्बोनेट वाढते. भुईमुगाची मुळे लोह विरघळविण्यासाठी जे आम्ल स्रवतात, ते त्यामुळे निष्प्रभ होते.

कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत मात्र उलट घडते. भातखाचरात पाणी साचून प्राणवायू संपला की जिवाणू फेरिक लोहाचे सहज विरघळणारे फेरस लोह बनवितात. कधीकधी ते इतके वाढते की भाताच्या पानांवर तांबूस ठिपके पडतात. तात्पर्य, लोहाच्या साठ्याइतकेच सामू, चुना, निचरा व हवा यांना महत्त्व आहे.

उणीव ओळखण्याची खूण सोपी आहे. नत्र जुन्या पानांतून नव्या पानांकडे जाते. म्हणून ते कमी पडल्यास खालची पाने आधी पिवळी होतात. लोह तसे सहजी सरकत नाही. म्हणून शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

फेरस सल्फेट चुनखडीच्या जमिनीत नुसतेच टाकल्यास त्याचे पुन्हा न विरघळणारे रूप बनते. ते शेणखतात मुरवून द्यावे, अथवा ०.५ टक्के द्रावण, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, पानांवर फवारावे. साचलेल्या पाण्याचा निचराही करावा.

विद्यार्थ्यांनी सुटीत घरी गेल्यावर माती परीक्षणाचा आग्रह धरावा. तोवर, युरियाचे पोते उघडण्यापूर्वी पिवळे पान खालचे आहे की शेंड्याचे, एवढे तरी आईवडिलांना दाखवावे.