बोरगुंडचे लाकडी चर्च

नॉर्वेच्या पश्चिम भागात, लार्डाल खोऱ्यात, ऑस्लो आणि बर्गन यांना जोडणाऱ्या जुन्या डोंगरवाटेवर बोरगुंड हे छोटे गाव आहे. संत अंद्रियाच्या नावाने उभारलेले तिथले चर्च जोत्याचे दगड सोडले तर नखशिखांत लाकडी आहे. त्यासाठी लागलेली पाइनची झाडे 1180 च्या सुमारास तोडली गेली. खांबांच्या सांगाड्यावर उभ्या राहणाऱ्या अशा इमारतींना स्टाव्ह चर्च म्हणतात. मध्ययुगात नॉर्वेत त्या हजाराहून अधिक असाव्यात असा अंदाज आहे. आज 28 उरल्या आहेत आणि त्यांत मूळ रूप सर्वांत कमी बदललेली म्हणून बोरगुंडचे नाव घेतले जाते.

बर्फ आणि ओल असलेल्या मुलखात लाकूड आठशे वर्षे टिकले याचे थोडे श्रेय हवेला द्यावे लागते, कारण किनाऱ्याकडच्या प्रदेशाच्या मानाने हे खोरे कोरडे आहे. बाकी सारे श्रेय सुतारांचे. पाणी कुठेही साचू द्यायचे नाही आणि लाकूड मातीला टेकू द्यायचे नाही, या दोन गोष्टींभोवती सबंध इमारत बेतलेली आहे.

हे शहाणपण आधीच्या पिढ्यांनी ठेच खाऊन मिळवले होते. अकराव्या शतकातली लाकडी चर्चेस जमिनीत खड्डे खणून पुरलेल्या खांबांवर उभी असत. खांब मातीत कुजत आणि काही दशकांतच इमारत नव्याने बांधावी लागे. नंतरच्या काळातल्या काही चर्चच्या तळाशी उत्खननात असे खड्डे सापडले आहेत. बाराव्या शतकात सुतारांनी खांब जमिनीतून बाहेर काढले. दगडांच्या रांगेवर जाड आडव्या तुळया टाकून त्यांची चौकट केली आणि त्या चौकटीवर खांब उभे केले. तुळयांची टोके एकमेकींना छेदून चौकटीबाहेर येतात आणि बाहेरच्या भिंतींचा पाया त्या टोकांवर बसतो. त्यामुळे भार आतल्या चौकटीवर येतो, लाकडाखालून वारा खेळतो आणि ओल धरत नाही.

लाकडाची निवडही तितकीच काटेकोर होती. सावकाश वाढलेल्या, राळेने भरलेल्या पाइनचा गाभा वापरला जाई. बाहेरचा पांढरा, कीड धरणारा भाग कुऱ्हाडीने तासून टाकत. भिंतींच्या उभ्या फळ्यांना एका कडेला खोबण आणि दुसऱ्या कडेला जीभ असते. प्रत्येक फळी शेजारणीत अडकते आणि तिचे खालचे टोक तुळईच्या खाचेत बसते. सांधे बहुतेक लाकडी खुंट्यांनी आवळलेले आहेत, लोखंडाचा वापर फार थोडा. खांब आणि वरच्या तुळया यांच्यामधल्या कमानदार आधारांपाशी थांबून पाहावे. खोड जिथे वाकून मुळाला मिळते तिथले लाकूड या आधारांसाठी निवडलेले असते. त्यातले तंतू कमानीच्या वळणानेच वाढलेले असतात, त्यामुळे कापताना ते तुटत नाहीत. सरळ फळीतून कमान कापली तर तंतू मध्येच तुटून ती वजनाखाली दुभंगेल, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते.

आतला मधला भाग उंच आहे आणि त्याच्या चारही बाजूंनी ठेंगणी पडवी फिरते. मधल्या खांबांपैकी उत्तर आणि दक्षिण बाजूंचे काही जमिनीपर्यंत येतच नाहीत. ते अर्ध्यावर तोडून आडव्या तुळयांवर पेललेले आहेत. त्याने खालची जागा मोकळी झाली. वरच्या बाजूला खांबांना जोडणाऱ्या दुहेरी तुळया आणि त्यांच्यामध्ये फुलीच्या आकाराचे आधार असल्याने सांगाडा ताठ राहतो, तरी अगदी जखडलेला नसतो. सोसाट्याच्या वाऱ्यात तो किंचित हलतो, कुरकुरतो आणि पुन्हा जागेवर येतो.

छपरे एकावर एक चढत जातात. पाखी इतकी उतरती आहेत की बर्फ फार काळ टिकत नाही, आणि वरच्या पाख्यावरून ओघळलेले पाणी खालच्या पाख्यावर व तिथून भिंतीपासून दूर पडते. पाख्यांवर लाकडी कौले आहेत. सर्वांत बाहेर उघडी पडवी फिरते. कोकणातल्या घराची वळचण जसे भिंतीचे रक्षण करते, तसेच काम ही पडवी करते.

वरच्या आढ्यांच्या टोकांवर ड्रॅगनची मुंडकी आहेत, खालच्यांवर क्रूस. ही मुंडकी पाहून अनेकांना व्हायकिंगांचा काळ आठवतो. पण चर्च उभे राहिले तेव्हा नॉर्वेत ख्रिस्ती धर्म रुजून दीडेकशे वर्षे झाली होती. पश्चिमेच्या दारावर मात्र जुनी शैली अजून जिवंत आहे. दाराच्या दोन्ही बाजूंनी वेली वर चढतात आणि त्यांच्यात एकमेकांना चावणारे ड्रॅगन गुंतलेले आहेत. भिंतींवर वाटसरूंनी कोरलेली रूनी लिपीतली अक्षरेही आहेत. त्यांतला एक जण संत ओलावच्या सणाच्या संध्याकाळी इथून जाताना आपल्या वाट्याला आलेल्या कष्टांबद्दल जुन्या नियतीदेवतांना बोल लावतो, आणि तोही चर्चच्याच भिंतीवर. इतिहासाच्या पुस्तकांत धर्मांतर एका वर्षात उरकते. माणसांच्या तोंडची भाषा इतक्या लवकर बदलत नसावी.

मूळ इमारतीत उजेड येई तो छपराखालच्या लहान गोल भोकांतून. प्रार्थना लॅटिनमध्ये चाले आणि लोक उभ्याने ऐकत. सोळाव्या शतकात नॉर्वे लुथरपंथी झाल्यावर प्रवचनाला महत्त्व आले. मग व्यासपीठ आले, बाके आली, खिडक्या पाडल्या गेल्या. 1654 मध्ये वेदीमागे नवे चित्रफलक बसले.

खरे संकट एकोणिसाव्या शतकात आले. 1851 च्या कायद्याने चर्चमध्ये गावातले ठरावीक प्रमाणात लोक मावले पाहिजेत असे बंधन घातले आणि जुन्या लहान इमारती धडाधड पाडल्या गेल्या. बोरगुंडला 1868 मध्ये शेजारीच नवे चर्च बांधले गेले. जुने पाडले गेले नाही. 1877 मध्ये ते प्राचीन वास्तू जपणाऱ्या नॉर्वेजियन संस्थेने विकत घेतले आणि नंतरच्या खिडक्या, बाके व आतले छत काढून टाकले. आत आज दिसणारा रिकामा अंधार काही अंशी या दुरुस्तीची देणगी आहे, हे लक्षात ठेवलेले बरे. गोल नावाच्या गावचे चर्च ऑस्लोजवळ हलवताना त्याचे बाह्यरूप बोरगुंडवरून ठरवले गेले. जर्मनीत हानेनक्ले इथे आणि अमेरिकेत रॅपिड सिटीत त्याच धाटणीच्या इमारती उभ्या राहिल्या.

देखभालीतले मुख्य काम आजही डांबराचे आहे. पाइनची राळयुक्त मुळे आणि बुंधे फोडून उतरत्या तळाच्या भट्टीत रचतात, वरून माती-गवताने झाकतात आणि जेमतेम हवा देत संथ जाळतात. तळाशी जमलेले डांबर नळीतून बाहेर येते. ते गरम करून कुंचल्याने भिंतींवर आणि कौलांवर चढवतात. दक्षिणेची बाजू उन्हाने लवकर उघडी पडून तपकिरी होते, तर उत्तरेची काळीकुट्ट राहते; त्यामुळे दक्षिणेला हात अधिक वेळा फिरवावा लागतो. थर जाड झाला तर उन्हात मऊ पडून ओघळतो, म्हणून तो पातळच देतात आणि काही वर्षांनी पुन्हा देतात.