साठ्यातील शिळी प्रत : प्रॉक्सी सर्व्हरचे दोष आणि त्यांचे निदान

खेड्यातील वाणी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी तालुक्याच्या पेठेला जात नाही. ज्या जिनसांना मागणी असते त्या तो एकदाच आणून दुकानात ठेवतो. त्यामुळे गिऱ्हाइकाचा वेळ वाचतो आणि पेठेच्या रस्त्यावरील वर्दळही कमी होते. मात्र या सोयीबरोबर एक जबाबदारी येते. मीठ वर्षभर ठेवले तरी चालते, दूध सकाळचे संध्याकाळी चालत नाही. कोणता जिन्नस किती काळ ठेवावा, हे ज्याला कळत नाही त्याचे दुकान गिऱ्हाइकाला अपायकारक ठरते.

वेबच्या जगात प्रॉक्सी सर्व्हर हा असाच वाणी होय. वाचकाचा संगणक आणि मूळ सर्व्हर यांच्यामध्ये तो उभा असतो. मागितलेले पान तो मूळ सर्व्हरकडून आणतो, वाचकाला देतो आणि त्याची एक प्रत आपल्या साठ्यात ठेवतो. या साठ्याला ‘कॅश’ म्हणतात. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेच्या सर्व्हरमध्ये १९९४ साली अशी सोय करण्यात आली. १९९६ मध्ये ‘स्क्विड’ हा प्रॉक्सी प्रोग्राम प्रसिद्ध झाला. तो आजही वापरात आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्या काळी जोडण्या मंद आणि महाग असत. एकच पान शंभरांनी मागितले तरी ते दूरवरून एकदाच आणावे, ही काटकसर साऱ्या जगाला हवी होती.

ताजेपणाचा हिशोब

पान किती काळ ताजे समजावे, हे ठरविण्याचा पहिला अधिकार मूळ सर्व्हरचा असतो. प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर काही ओळी असतात. त्यांना हेडर म्हणतात. ‘कॅश-कंट्रोल’ या हेडरमध्ये ‘मॅक्स-एज’ ६०० असे लिहिले असेल, तर ती प्रत ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटे ताजी मानावी. ही मुदत संपली म्हणजे प्रत लगेच टाकून द्यावी लागते असे नाही. प्रॉक्सी मूळ सर्व्हरला विचारतो, ‘माझ्याजवळची प्रत अजून चालेल काय?’ पान बदलले नसेल तर मूळ सर्व्हर केवळ ३०४ हा सांकेतिक आकडा पाठवितो आणि संपूर्ण पान पुन्हा पाठविण्याचा भार वाचतो.

मूळ सर्व्हरने मुदत सांगितलीच नाही, तर प्रॉक्सीला अंदाज करावा लागतो. पान फार दिवसांत बदलले नसेल तर ते पुढेही काही काळ बदलणार नाही, असे तो धरून चालतो. स्क्विडच्या नेहमीच्या मांडणीत पानाच्या शेवटच्या बदलापासून लोटलेल्या काळाच्या २० टक्के इतकी मुदत धरली जाते. तिची कमाल मर्यादा ४,३२० मिनिटे, म्हणजे तीन दिवस असते. आता एखाद्या बंदराच्या सूचनांचे पान शंभर दिवस बदललेले नाही आणि त्यावर मुदतही लिहिलेली नाही, असे समजा. प्रॉक्सीने ते आज साठविले आणि तासाभराने त्यावर वादळाचा इशारा चढला, तर प्रॉक्सीमागील वाचकांना जवळजवळ तीन दिवस जुनेच पान दिसू शकेल. येथे कोणतेही यंत्र बिघडलेले नाही. न सांगितलेल्या मुदतीचा हा परिणाम आहे.

दोषांचे तीन प्रकार

साठ्याच्या तक्रारींचे तीन वर्ग पडतात. पहिल्यात शिळे पान मिळते. दुसऱ्यात साठवावयाचे पान साठविलेच जात नाही व जोडणीवर व्यर्थ भार पडतो. तिसऱ्यात एका व्यक्तीचे पान दुसऱ्या व्यक्तीच्या हाती पडते, आणि हा प्रकार सर्वांत गंभीर होय.

२५ डिसेंबर २०१५ रोजी ‘स्टीम’ या खेळविक्रीच्या सेवेत असेच घडले. सेवेवर कृत्रिम मागण्यांचा मारा झाला, म्हणून साठवणुकीचे नवे नियम घाईने लागू करण्यात आले. त्यांतील एका चुकीमुळे सदस्यांची खासगी पाने साठ्यात गेली व इतरांना दिसू लागली. सुमारे ३४,००० सदस्यांची माहिती अशा रीतीने परक्यांच्या दृष्टीस पडली असावी, असे कंपनीने नंतर जाहीर केले.

अशा चुकांच्या मुळाशी पुष्कळदा शब्दांचा घोटाळा असतो. ‘नो-कॅश’ याचा अर्थ ‘साठवू नका’ असा नाही. ‘साठवा, पण देण्यापूर्वी प्रत्येक वेळी विचारा’ असा आहे. मुळीच साठवू नये असे सांगावयाचे तर ‘नो-स्टोअर’ लिहिले पाहिजे. ‘प्रायव्हेट’ याचा अर्थ असा की वाचकाच्या स्वतःच्या ब्राउझरने प्रत ठेवावी, अनेकांच्या सामायिक प्रॉक्सीने ठेवू नये.

निदानाची रीत

तक्रार येताच संपूर्ण साठा पुसून टाकण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. साठा पुसल्याने तक्रार तात्पुरती मिटते, परंतु पुरावाही नाहीसा होतो आणि दोष पुन्हा उद्भवतो.

प्रथम शिळी प्रत कोठे आहे हे शोधावे. ब्राउझरचा स्वतःचाही साठा असतो; म्हणून असा साठा न ठेवणाऱ्या ‘कर्ल’सारख्या साधनाने तेच पान एकदा प्रॉक्सीमार्फत व एकदा प्रॉक्सी टाळून मागवावे. दोन्ही वेळा जुने पान आले तर दोष प्रॉक्सीपलीकडचा आहे. दोन्ही वेळा नवे आले तर तो वाचकाच्या ब्राउझरमध्ये आहे. प्रॉक्सीमार्फतच जुने येत असेल, तरच पुढे जावे.

नंतर हेडर वाचावेत. ‘एज’ हा हेडर प्रतीचे वय सेकंदांत सांगतो. ते ठरविलेल्या मुदतीच्या आत असेल तर प्रॉक्सी आज्ञाधारकपणे वागत आहे. बदल मूळ सर्व्हरच्या मुदतीत केला पाहिजे.

तिसरी पायरी नोंदवहीची. तेच पान दोनदा मागवून स्क्विडच्या नोंदी पाहाव्यात. पहिल्यांदा ‘मिस’ व दुसऱ्यांदा ‘हिट’ ही अपेक्षित जोडी होय. दोन्ही वेळा ‘मिस’ आले तर साठवणुकीला मनाई करणारा हेडर, फार मोठी फाइल किंवा ‘व्हेरी’ हा हेडर यांपैकी कारण शोधावे. ‘व्हेरी’मध्ये ब्राउझरचे नाव घातले असल्यास प्रत्येक प्रकारच्या ब्राउझरसाठी वेगळी प्रत ठेवावी लागते आणि साठ्याचा उपयोग जवळजवळ संपतो. शिवाय अलीकडच्या स्क्विडमध्ये डिस्कवरील साठा मुद्दाम नेमून द्यावा लागतो. तो न नेमल्यास साठा केवळ स्मृतीत राहतो; प्रोग्राम पुन्हा सुरू करताच तो रिकामा होतो, आणि नेहमीच्या मांडणीत ५१२ किलोबाइटपेक्षा मोठ्या फाइली त्यात जात नाहीत. कूटबद्ध जोडणीवरील पाने मात्र सामान्य प्रॉक्सीला वाचताच येत नाहीत. ती साठविली गेली नाहीत तर तो दोष समजू नये.

शेवटी घड्याळे तपासावीत. ‘एक्स्पायर्स’ या हेडरमधील वेळ ग्रीनिचची असावी लागते. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. एखाद्या प्रोग्रामने भारतीय वेळच ग्रीनिचची म्हणून लिहिली, तर अर्धा तास ठेवावयाचे पान सहा तास ताजे समजले जाते. ‘मॅक्स-एज’ वापरल्यास ही चूक टळते, कारण तेथे घटिका नव्हे, कालावधी लिहिलेला असतो. दोन्ही हेडर असल्यास ‘मॅक्स-एज’च प्रमाण मानतात.

कारण सापडल्यावर ते दुरुस्त करावे आणि मगच साठ्यातील तेवढीच प्रत काढून टाकावी. वाचकांच्या ब्राउझरमध्ये पोहोचलेल्या प्रती मात्र प्रॉक्सीला पुसता येत नाहीत. म्हणून चित्रे व तत्सम फाइली बदलताना त्यांचे नावच बदलावे, म्हणजे जुन्या प्रतीचा प्रश्न उरत नाही.

प्रॉक्सी स्वतःहून खोटे बोलत नाही. जे पान त्याला दिले आणि जितकी मुदत सांगितली, तितका काळ तो ते देत राहतो. दूध व मीठ यांतील भेद त्याला उपजत कळत नाही. तो हेडरमध्ये स्पष्ट लिहिणे, हे पान तयार करणाऱ्याचे काम आहे. इशाऱ्याच्या पानावर लिहिलेली ती एक ओळ किनाऱ्यावरील वाचकाला वेळेवर सावध करू शकते.