एकपात्री, पण एकट्याचें नव्हे

एकाच मनुष्यानें उभें राहून बोलावें, मध्येंच गावें, श्रोत्यांस हंसवावें आणि शेवटीं त्यांच्या डोळ्यांत पाणी आणावें, ही कला महाराष्ट्रास नवी नाहीं. पुण्याच्या सदाशिव पेठेंतील नारद मंदिरांत ज्यांनीं हरिकीर्तन ऐकलें आहे, त्यांस ती चांगली परिचयाची आहे. बुवा पूर्वरंगांत अभंगाचें निरूपण करितात, उत्तररंगांत आख्यान लावितात. निरूपण जड होऊं लागलें कीं एखादा चुटका येतो; कथा भरांत आली कीं साकी-दिंडी येते. परंतु पेटीवाला व तबलजी मागें नसतील, तर बुवांचा रंग कितीसा टिकेल?

हाच प्रश्न पु. ल. देशपांडे यांच्या कलेविषयीं विचारण्याजोगा आहे. पु. लं.चा जन्म मुंबईंत १९१९ सालीं झाला. देह त्यांनीं पुण्यांत २००० सालीं ठेविला. 'बटाट्याची चाळ' १९५८ सालीं पुस्तकरूपानें निघाली आणि १९६१ पासून ते ती एकट्यानें रंगभूमीवर उभी करूं लागले. ना पडदे, ना पात्रें; पण सगळें बिऱ्हाड प्रेक्षकांपुढें नांदूं लागे!

हें साधलें कसें? पु. ल. उत्तम पेटी वाजवीत. 'गुळाचा गणपति' (१९५३) या बोलपटाचें लेखन, संगीत व दिग्दर्शन त्यांचेंच असून प्रमुख भूमिकाही त्यांचीच होती. गाणारा जसा समेची वाट पाहावयास लावितो, तसा विनोदी वक्ता शेवटच्या शब्दाआधीं क्षणभर थांबतो. तो क्षण चुकला, तर विनोद बेताल होतो. शिवाय प्रत्येक पात्राची बोलण्याची लय निराळी. ती ओळखावयास कानच हवा. आणि कीर्तन जसें करुणेकडे वळतें, तशी चाळही अखेरीस 'चिंतना'पाशीं येते. हंसतां हंसतां श्रोता अंतर्मुख होतो.

परंतु या हंशामागें आणखी एक साथ होती. प्रयोगांची आंखणी, वेळेचा काटेकोरपणा, पैशाचा चोख हिशेब, हा भार सुनीताबाईंनीं वाहिला. त्या स्वतः बेचाळीसच्या चळवळींत पडलेल्या, कवितेच्या मर्मज्ञ; बोरकर-मर्ढेकरांच्या कवितावाचनाचे कार्यक्रम उभयतांनीं केले. कलेंतून मिळालेलें द्रव्य त्यांच्या प्रतिष्ठानद्वारां लोककार्यास गेलें. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्राच्या उभारणीस (१९८६) त्याचें साहाय्य झालें. पुढें 'आहे मनोहर तरी' (१९९०) या पुस्तकांत सुनीताबाईंनीं या सहजीवनाची दुसरी बाजूही निर्भीडपणें मांडली. कांहीं वाचकांस ती रुचली नाहीं. आवडत्या कलावंताच्या घरांतील कष्टांची गोष्ट ऐकण्याची आपणांस संवय नाहीं, हेंच त्याचें कारण असावें.

असो. पुण्यांत आजही एकपात्री प्रयोग होतात, कीर्तनेंही होतात. मुलांबाळांस घेऊन अवश्य जावें, मनमुराद हंसावें. मात्र घरीं परततांना एवढें मनांत आणावें, कीं आपण ज्यास एकपात्री म्हणतों, त्याची साथ करणारें कोणी तरी पडद्याआड असतेंच. आणि मग आपल्याच घरांत, सर्वांचीं पानें वाढून झाल्यावर शेवटीं जेवावयास कोण बसतें, तेंही एकदां पाहावें.