एपिड्युरल भूल : एका औषधाला दुसऱ्याची जोड

एपिड्युरल भुलेत मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत बारीक नळी ठेवून औषध सोडतात. बुपिवाकेनसारखे बधिर करणारे औषध एकटे वापरले तर वेदना थांबण्यासाठी मात्रा जास्त लागते. मग पाय जड पडतात, रक्तदाब उतरतो. शस्त्रक्रियेत हे चालून जाते, प्रसूतीत नाही, कारण बाईला कळ द्यायची असते.

म्हणून जोड दिली जाते. प्रसूतीसाठी बुपिवाकेन ०.१ टक्का किंवा त्याहूनही सौम्य ठेवून त्यात दर मिलिलिटरला साधारण २ मायक्रोग्रॅम फेंटानिल हे अफूवर्गीय वेदनाशामक मिसळतात. बुपिवाकेन मज्जातंतूतून जाणारा संदेश अडवते, तर फेंटानिल मज्जारज्जूतल्या ग्राहींवर काम करते. वाटा वेगळ्या असल्याने दोन्ही थोडी थोडी पुरतात. कळ आल्याचे समजते, पण ती सोसवते, आणि पायही हलवता येतात. अंगाला खाज सुटते, ही तक्रार मात्र नेहमीची.

फेंटानिलच्याच वर्गातल्या मॉर्फिनचा परिणाम बराच टिकतो, पण श्वास उशिरा, कित्येक तासांनी मंदावू शकतो. रात्रपाळीच्या परिचारिकेने श्वास मोजत राहणे इथे औषधाइतकेच महत्त्वाचे. क्लोनिडिन आणि डेक्समेडेटोमिडिन वेदनाशमन लांबवतात, पण नाडी व रक्तदाब खाली आणतात. लिग्नोकेन या दुसऱ्या बधिर करणाऱ्या औषधात मिसळलेले अ‍ॅड्रिनॅलिन औषध रक्तात झटकन शोषू देत नाही. शिवाय नळी चुकून रक्तवाहिनीत गेली असेल, तर नाडी एकदम वाढून ते उघड होते. सोडियम बायकार्बोनेटने लिग्नोकेन लवकर चढते; बुपिवाकेनमध्ये ते जास्त पडले की साका धरतो. मिसळायचे औषध परिरक्षकविरहित हवे, यात तडजोड नाही.