शोधसेवेची स्मृती का भरते?

२०२३ साली उस्मानाबादचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. समजा, तेथील एखाद्या शाळेने जुनी कात्रणे, पुस्तके व गावांच्या नोंदी संगणकावर चढवून शोधसेवा सुरू केली. ‘धाराशिव’ असे लिहिले, तर ‘उस्मानाबाद’ छापलेला कागदही सापडला पाहिजे. पण काही दिवसांत सर्व्हरची स्मृती भरते, सेवा मंदावते आणि अखेर बंद पडते. दोष कोठे शोधावा?

शोधसेवा दर वेळी सारे कागद वाचीत नाही. पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची ती आधीच करून ठेवते: अमुक शब्द अमुक कागदांत. मराठीत ही सूची लवकर फुगते. धाराशिवला, धाराशिवचा, धाराशिवहून ही आपल्याला एकाच शब्दाची रूपे; प्रत्यय सोडवण्याची सोय नसेल तर यंत्राला मात्र ते तीन निराळे शब्द. शिवाय यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘धाराशिव’मध्ये काना-वेलांटी धरून ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट.

तरी घाई नको. ‘९० टक्के स्मृती वापरात’ हा आकडा पाहून पुष्कळ जण यंत्र बंद करून पुन्हा चालू करतात. हा थर्मामीटर झटकून ताप उतरवण्याचा प्रकार झाला! लिनक्ससारखी प्रणाली मोकळ्या स्मृतीत डिस्कवरील फायलींच्या प्रती ठेवते आणि गरज पडताच ती जागा सोडते. हा रोग नव्हे.

तपासायचा तो सेवेचा स्वतःचा वाटा. इलॅस्टिकसर्च ही बहुप्रचलित सेवा जावा भाषेत लिहिलेली आहे. जावामध्ये निरुपयोगी माहिती एक सफाई-यंत्रणा अधूनमधून काढून टाकते. म्हणून स्मृतीचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. त्यातील शिखरे नव्हे, तळ पाहा. मोठ्या सफाईनंतर तळ दर वेळी तेवढाच राहिला तर प्रकृती ठीक. तळच दिवसेंदिवस वर सरकत असेल, तर काहीतरी साठत आहे.

काय साठते? एक नेहमीचे कारण म्हणजे मजकुराच्या रकान्यावर लावलेला क्रम. ‘या शब्दाचे कागद कोणते?’ याचे उत्तर सूचीत तयार असते. क्रम लावताना प्रश्न उलटतो: ‘या कागदातले शब्द कोणते?’ त्यासाठी सारी सूची उलटी करून स्मृतीत आणावी लागते. ती सहसा तेथून हलत नाही; कागद वाढतील तशी वाढतच जाते. म्हणूनच इलॅस्टिकसर्चमध्ये ही सोय मुळात बंद ठेवलेली असते. कोणी चालू केली असल्यास बंद करावी, आणि गावाच्या अखंड नावासाठी वेगळा रकाना करावा. त्याची उलटी यादी डिस्कवरच तयार राहते.

दोन नावांसाठी तर समानार्थी शब्दांची एक ओळ पुरते. ती शोध घेताना लावली, तर सूची मुळीच वाढत नाही.

जावाचा वाटा वाढवणे हा शेवटचा उपाय. तोही एकूण स्मृतीच्या निम्म्यापलीकडे नेऊ नये. फायलींच्या प्रती उरलेल्या जागेतच राहतात, आणि शोधाचा वेग त्यांच्यावर अवलंबून असतो.