घशात अडकलेलं काहीच नसतं

गाय वैरणीला तोंड लावत नाही. लाळेच्या तारा लोंबतात, हंबरणं घोगरं होतं. नीरेकाठच्या कळंबात काय किंवा इंदापूर-बारामतीतल्या कुठल्याही दुधाच्या गावात काय, गोठ्यात पहिली शंका एकच येते: घशात काहीतरी अडकलंय. मग बाही सरसावून हात थेट जबड्यात जातो. पण जनावराला रेबीज झाला असेल, तर अडकलेलं काही नसतंच. गिळण्याच्या स्नायूंवरचा मेंदूचा ताबा सुटलेला असतो आणि लाळेत विषाणू असतो. वैरण कापताना हाताला पडलेली चीर त्याला पुरते.

चावलेला कुत्रा तोवर सगळे विसरलेले असतात. माळावरच्या कोल्ह्याने डाव साधला असेल, तर चावा कुणी पाहिलेलाही नसतो.

या विसरण्याचं कारण विषाणूच्या चालीत आहे. तो रक्तातून धावत नाही. जखमेतल्या स्नायूत काही काळ दबा धरतो, मग नसेच्या टोकात शिरतो. पेशीचा माल नसेतून मज्जारज्जूकडे नेणारी एक वाहतूक असते. त्याच गाडीत हा फुकट्या प्रवासी. या वाटेवर प्रतिकारशक्तीला त्याचा सुगावा जवळपास लागतच नाही. पायाला चावा असेल तर वाट लांबची, चेहऱ्याला असेल तर जवळची. माणसात लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात. मेंदूत पोहोचल्यावर विषाणू नसांमधूनच उलटा लाळग्रंथींत उतरतो. लक्षणं दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळच.

म्हणजे जे करायचं ते आधीच्या मुदतीत. विषाणूचं आवरण मेदाचं असल्याने पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी मोठं काम करतं. हळद, चुना, मिरचीपूड मात्र जखम चिघळवतात. लशीमुळे शरीर स्वतःची प्रतिपिंडं तयार करेपर्यंत खोल जखमेत तयार प्रतिपिंडं टोचतात. त्यांचा एक प्रकार पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकी संस्थेच्या साथीने विकसित केला आहे. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच गेली, त्यांची धास्ती तेवढी उरली आहे. कुत्रा चावलेल्या गाईम्हशींनाही लशीचे डोस देता येतात, हे गोठ्यात फारसं कुणी सांगत नाही.

हे सगळं चाव्यानंतरचं. गोव्याने मूळच धरलं, म्हणजे कुत्रे. ‘मिशन रेबीज’ या संस्थेची पथकं जाळी घेऊन गावोगाव फिरली आणि दरवर्षी हजारो कुत्र्यांना लस टोचत राहिली. २०२१ मध्ये त्या राज्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित क्षेत्र घोषित केलं.